बँकेच्या पानावरून परत आलं की सेशन गायब, तेही सगळ्यांचं नाही

पायरी_पेटी

नमस्कार मंडळी. मामांची देवगडजवळ आंब्याची बाग आहे. पेट्या दलालाशिवाय थेट पुण्या-मुंबईला जाव्यात म्हणून मी त्यांना एक साधी साइट करून दिली आहे. कोरं पीएचपी ७.४, मायएसक्यूएल, फ्रेमवर्क वगैरे काही नाही, शेअर्ड होस्टिंग. गिऱ्हाईक मोबाइल नंबरने लॉगिन करतं, चार डझनी की पाच डझनी पेटी ते निवडतं, पत्ता टाकतं आणि 'पैसे भरा' दाबलं की पेमेंट गेटवेच्या पानावर जातं. तिथून बँकेचं ओटीपीचं पान, मग परत आमच्याकडे.

गोची इथेच आहे. परत आल्यावर काही जणांना 'धन्यवाद' पानाऐवजी लॉगिनचं पान दिसतं. पुन्हा लॉगिन केलं तर कार्ट रिकामं. पैसे मात्र खात्यातून गेलेले. मग मामांना फोन. मामा पेट्या भरायच्या सोडून लोकांचे बँकेचे मेसेज वाचत बसतात आणि रात्री माझी हजेरी घेतात.

आतापर्यंत काय बघितलंय ते सांगतो. माझ्या लॅपटॉपवर गेटवेच्या टेस्ट मोडमध्ये हे एकदाही होत नाही. मावशी फायरफॉक्स वापरते, तिलाही कधी झालं नाही. तक्रारी येतात त्या बहुतेक क्रोमवाल्यांच्या, आणि त्यांच्यातही सगळ्यांच्या नाहीत. सेशनची (सर्व्हरवर ठेवलेल्या लॉगिन-कार्टच्या नोंदीची) मुदत मूळची १४४० सेकंद होती, ती चार तास केली. फरक शून्य. सेशनच्या फायली मी माझ्याच होम डिरेक्टरीत वळवल्या आहेत, म्हणून आत डोकावता आलं. ज्या बाईंची तक्रार होती त्यांची जुनी फाइल कार्टासकट शाबूत आहे! आणि त्या बँकेतून परत आल्या त्या मिनिटाला तयार झालेली दुसरी, रिकामी फाइल शेजारी आहे. म्हणजे सर्व्हरने काही पुसलेलं नाही.

कोड असा: प्रत्येक पानाच्या सुरुवातीला एक सामाईक हेडर फाइल जोडलेली आहे. तिची पहिली ओळ सेशन_स्टार्ट, दुसरी लॉगिन तपासणी, लॉगिन नसेल तर लॉगिनच्या पानावर रवानगी. गेटवेहून परत येण्याचं पानसुद्धा याच हेडरने सुरू होतं, आणि मग गेटवेने पोस्टने, म्हणजे फॉर्म सबमिट करून, पाठवलेली माहिती वाचतं. (मोबाइलवरून लिहितोय, म्हणून कोड शब्दांतच.)

दोन उपाय डोक्यात आहेत. एक, ग्राहक क्रमांक वेगळ्या कुकीत (ब्राउझरमध्ये साठणाऱ्या छोट्या नोंदीत) वर्षभरासाठी ठेवायचा आणि सेशन गेलं तर त्यावरून गुपचूप पुन्हा लॉगिन करून द्यायचं. दुसरा, सगळं कार्टच कुकीत ठेवायचं. यातलं कोणतं बरं? की तिसरंच काही? हंगाम चालू आहे, घाई आहे.


घाटावरचा

आधी पत्ता नीट बघ. गेटवेला परतीचा पत्ता दिलाय तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आहे का, आणि गिऱ्हाईक साइटवर येतं ते त्याशिवाय का? डोमेन न सांगता कुकी ठेवली की ती त्याच होस्टपुरती, म्हणजे पत्त्यातल्या नेमक्या नावापुरती, असते, दुसऱ्या रूपाला मिळत नाही. असली केस मी बघितली आहे. नाहीतर एचटीटीपी आणि एचटीटीपीएसचा घोळ. कुकीवर सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवरच पाठवायची) अशी खूण असेल आणि परतीचा पत्ता साध्या एचटीटीपीचा असेल तरी ती येणार नाही.


पायरी_पेटी

दोन्ही तपासलं. पत्ता सगळीकडे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवाय आणि एचटीटीपीएसच. आणि पत्ता चुकलेला असता तर सगळ्यांनाच झालं असतं ना? मला छळतंय ते हे 'काही जणांना'.


हळदबाजार

पायरी, दोन फायली शोधल्यास हे फार बरं केलंस. लोक एवढं बघत नाहीत, मुदत वाढवत बसतात. मुदतीचा इथे काही संबंध नाही. तुझं सेशन जागेवर आहे. परत येताना ब्राउझरने कुकी पाठवलीच नाही, एवढंच झालं आहे.

देवळाबाहेरचा चप्पल स्टँड डोळ्यांसमोर आण. चपला कप्प्यात, हातात नंबराचा बिल्ला. कप्पा म्हणजे तुझी सेशनची फाइल, बिल्ला म्हणजे कुकी. गिऱ्हाईक बँकेतून परत आलं ते बिल्ला न दाखवता. आणि सेशन_स्टार्ट इतकं तत्पर की बिल्ला दिसला नाही तर विचारपूस न करता नवा देऊन टाकतं. नव्याचं नावही तेच, पीएचपीसेसआयडी, त्यामुळे ब्राउझरमधला जुना बिल्ला त्याच क्षणी पुसला जातो. म्हणून तुझ्या त्या बाईंनी नंतर कितीदा रिफ्रेश केलं असेल तरी कार्ट परत आलं नाही. तुझी दुसरी, रिकामी फाइल ती हीच.

आता ब्राउझरने कुकी का पाठवली नाही. गेटवे गिऱ्हाइकाला परत पाठवतो तेव्हा त्याच्या पानात एक लपवलेला फॉर्म असतो आणि तो आपोआप तुझ्या पत्त्यावर सबमिट होतो. म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुझ्या साइटला आलेली पोस्ट विनंती. परक्या साइटवरून आलेल्या विनंतीबरोबर कुकी द्यायची की नाही ते सांगणारा सेमसाइट हा गुण तुझ्या कुकीवर लिहिलेला नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ८० आलं तेव्हापासून असं धोरण आहे की ज्या कुकीवर सेमसाइट लिहिलेलं नाही तिला लॅक्स समजायचं. लॅक्सचा नियम असा: दुसरीकडून कोणी साध्या लिंकने, म्हणजे गेटने, तुझ्या पानावर आलं तर कुकी द्या, पोस्टने आलं तर देऊ नका. एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे गूगलने हा बदल मागे घेतला होता, ऐन टाळेबंदीत गरजेच्या साइट मोडू नयेत म्हणून. जुलैपासून पुन्हा लागू केला. फायरफॉक्सने हा न-लिहिलेल्याला-लॅक्स प्रकार सरसकट लागू केलेला नाही, म्हणून तुझी मावशी सुखात आहे.

नियमामागे कारण आहे, नुसता क्रोमचा आगाऊपणा नाही. त्याआधी कुठल्याही भुरट्या पानावर 'मामांच्या साइटवर अमुक ऑर्डर रद्द करा' असा लपवलेला फॉर्म ठेवता यायचा. मामा लॉगिन असताना त्यांनी ते पान उघडलं की फॉर्म मामांच्या कुकीसकट तुझ्या सर्व्हरवर पोहोचायचा, आणि सर्व्हरच्या दृष्टीने ती विनंती मामांनीच केलेली. क्रोमच्या दृष्टीने तुझा गेटवे आणि तो भुरटा यांच्यात फरक काहीच नाही. दोघेही परके, दोघेही पोस्ट करतात.

आता तुझं 'काही जणांना'. हे वाच आणि मग तुझ्या टेस्टिंगकडे बघ. क्रोमने लॅक्स लादताना एक सवलत ठेवली: कुकीवर सेमसाइट लिहिलेलं नसेल आणि ती तयार होऊन दोन मिनिटं झालेली नसतील, तर परक्या पोस्टबरोबरही ती पाठवायची. लॉगिनसाठी दुसऱ्या साइटवर जाऊन पोस्टनेच लगेच परत येणाऱ्या साइट मोडू नयेत म्हणून ही सोय. तू टेस्ट करताना काय करतोस? नवी इन्कॉग्निटो खिडकी, नंबर तयार, टेस्ट कार्डाचे आकडे पाठ, ओटीपीच्या जागी काहीतरी ठोकलं, आला परत. दोन मिनिटांच्या आत. गिऱ्हाईक काय करतं? पेट्यांचे भाव बघतं, बायकोला विचारतं, बहिणीच्या घरचा पिनकोड शोधतं, मग कार्ड आणायला उठतं, मग ओटीपीच्या मेसेजची वाट बघतं. तोवर कुकी दोन मिनिटांपेक्षा जुनी झालेली असते. जो झटपट घेतो तो सुटतो, जो विचार करून घेतो तो अडकतो. घड्याळ कुकी जन्मली तेव्हापासून चालतं, बँकेकडे निघाल्यापासून नाही.

आपल्याकडे हे जास्त भोवतं, कारण ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला रिझर्व्ह बँकेने दुसरी खातरजमा सक्तीची केली आहे. बहुतेक कार्डवाले बँकेच्या पानावर जाऊनच येणार.

माझ्या शब्दावर जाऊ नकोस, करून बघ. साइट उघड, लॉगिन कर, पाच मिनिटं गप्प बस, मग पैसे भर. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कची टॅब उघडी ठेव आणि पान बदललं तरी नोंदी राहतील अशी प्रिझर्व्ह लॉगची खूण करून ठेव. परतीच्या विनंतीवर क्लिक करून कुकीजमध्ये जा. तिथे गाळलेल्या कुकीजही दाखवायची चौकट आहे. तिच्यावर टिक केलीस की पीएचपीसेसआयडी पिवळ्या पट्टीत दिसेल आणि का गाळली तेही लिहिलेलं असेल.

उपाय. परतीच्या पानाला ते सामाईक हेडर लावू नकोस. तिथे सेशन_स्टार्ट अजिबात नको. ते सुरूच झालं नाही तर नवी कुकी जाणार नाही आणि जुनी पुसली जाणार नाही. त्या पानाने फक्त गेटवेने दिलेली माहिती घ्यायची, तुझ्या गुप्त किल्लीने सही जुळते का ते हॅश_इक्वल्सने (दोन सह्या सुरक्षितपणे ताडणाऱ्या पीएचपीच्या फंक्शनने) तपासायचं, ऑर्डर क्रमांकावरून आपल्या टेबलातली ऑर्डर काढायची, रक्कम टेबलातल्या रकमेशी ताडून बघायची, 'पैसे आले' अशी नोंद करायची आणि ३०३ (ब्राउझरला दुसऱ्या पानाकडे वळवणारं उत्तर) देऊन 'धन्यवाद' पानाकडे पाठवायचं. ३०३ ने ब्राउझर पुढची विनंती गेटने करतो. गेट आहे, पूर्ण पानाची आहे, म्हणजे लॅक्स कुकी मिळते आणि 'धन्यवाद' पानाला जुनं सेशन जसंच्या तसं सापडतं. ३०२ नेही ब्राउझर गेटच करतात. ३०७ मात्र वापरू नकोस, तो पोस्टची पोस्टच ठेवतो आणि तू होतास तिथेच राहशील.

कुकीवर सेमसाइट लॅक्स असं स्वतः लिही. पीएचपी ७.३ पासून त्यासाठी सेशनची वेगळी सेटिंग आहे. त्याबरोबर सिक्युअर आणि एचटीटीपीओन्लीही (पानावरच्या जावास्क्रिप्टला कुकी वाचता येऊ नये म्हणून) लाव. तू स्वतः लॅक्स लिहिलंस की ती दोन मिनिटांची सवलत बंद होते, कारण सवलत फक्त न लिहिलेल्यांना आहे. हे तुझ्या फायद्याचं आहे. पुन्हा कधी असा बिघाड झाला तर तो तुझ्या लॅपटॉपवर पहिल्याच फेरीत दिसेल, मामांच्या फोनवर नाही. स्ट्रिक्ट (परक्या साइटवरून आलं तर कुकी द्यायचीच नाही) लिहू नकोस. प्रवास परक्या साइटवरून सुरू झालेला असल्यामुळे स्ट्रिक्ट कुकी त्या ३०३ नंतरही मिळत नाही.

आता मला खटकलेली गोष्ट, आणि ती कुकीपेक्षा मोठी आहे. तुझी ऑर्डर आहे कुठे? तू लिहिलंस त्यावरून कार्ट, पत्ता, सगळं सेशनमध्ये, आणि पैसे आल्यावर त्यातून ऑर्डर तयार होते. गिऱ्हाईक बँकेकडे निघण्याआधी ऑर्डर टेबलात पडलेली हवी: क्रमांक, पेट्या, रक्कम, पत्ता, मोबाइल, स्थिती 'पैसे यायचे आहेत'. मग सेशन गेलं, फोन बंद पडला, वीज गेली, तरी मामांना कळेल की हे पैसे कोणाचे आणि पेटी कुठे पाठवायची. गिऱ्हाइकाला पुन्हा लॉगिन करावं लागलं तर ते दोन शिव्या घालेल, पण पेटी जाईल. सेशन हे गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी. हिशेब त्यात ठेवायचा नसतो.

तुझे दोन उपाय. ग्राहक क्रमांक कुकीत? अरे, कुकी गिऱ्हाइकाच्या मशीनवर असते आणि कोणीही ती उघडून बदलू शकतं. ४१२ च्या जागी ४१३ लिहिलं की झालं, शेजाऱ्याच्या खात्यात शिरला, त्याचा पत्ता आणि मोबाइल नंबर समोर. 'लक्षात ठेवा'ची सोय द्यायचीच असेल तर रँडम_बाइट्सने ३२ बाइटांचं टोकन काढ, कुकीत ते ठेव, टेबलात त्याचा फक्त हॅश (त्यावरून काढलेला, उलटा न फिरवता येणारा ठसा) आणि मुदत ठेव.

कार्ट कुकीत ठेवायची कल्पना मात्र जुनी आणि खानदानी आहे. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्तुलीने कुकी काढली तीच मुळात ऑनलाइन दुकानाच्या अशा अडचणीतून. अर्धवट व्यवहार आपल्या सर्व्हरवर साठवायचे नाहीत असं त्यांच्या एका ग्राहक कंपनीचं म्हणणं होतं. पण एका कुकीला साधारण ४ केबी जागा, आणि पेटीचा भाव त्यात लिहिलास तर तो गिऱ्हाईकच ठरवेल. शिवाय मूळ दुखणं तसंच राहतं: ती दुसरी कुकीही परक्या पोस्टबरोबर येणारच नाही. नियम तिलाही तोच.


एका_ओळीत

इतका व्याप कशाला? सेशनच्या कुकीला सेमसाइट नन आणि सिक्युअर लावा. एक ओळ. परक्या पोस्टबरोबर कुकी येते, कोडला हात लावायचा नाही. आमच्या एका क्लायंटची साइट २०२० पासून अशीच चालू आहे. पीएचपी ७.३ च्या आधीची असेल तर कुकीच्या पाथमध्येच अर्धविराम देऊन सेमसाइट चिकटवायची जुनी युक्तीही चालते.


हळदबाजार

आज रात्री मामांचा फोन थांबवायला म्हणून चालेल. पायरी, उद्या सकाळी ऑर्डर जाणार असतील तर आत्ता हे लावून झोप, माझी हरकत नाही. सिक्युअर विसरलास तर क्रोम ती कुकी घेणारच नाही, तेवढं बघ.

पण नन म्हणजे दार सताड उघडं. वर सांगितलेला भुरट्याचा फॉर्म पुन्हा चालू होतो, आणि मामांच्या ऑर्डरी बघायच्या पॅनेललाही हीच कुकी आहे हे विसरू नकोस. प्रत्येक फॉर्मला टोकन, म्हणजे भुरट्याला माहीत नसलेली गुप्त खूण, असेल तर गोष्ट वेगळी. आहे का? शिवाय आयओएस १२ मधल्या सफारीत असा दोष होता की नन लिहिलं की ती स्ट्रिक्ट समजायची. कोणाच्या तरी वडिलांकडे तसला आयफोन अजून असतो, आणि आंबे बऱ्याचदा वडीलच मागवतात.

पाथमध्ये अर्धविराम घालायची युक्ती मला माहीत आहे. मी ती केलेल्या साइट सांभाळल्या आहेत. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

एका_ओळीत, तुमच्या क्लायंटची साइट चालते यात मला शंका नाही. ज्यांचं कार्ट उडालं त्यातले किती जण फोन करतात आणि किती जण दुसरीकडून आंबे घेतात, हे मात्र तुमच्या लॉगमध्ये दिसणार नाही.


सिंहगडरोड

हळदताई, सहमत. आणखी एक भर. सेमसाइट कितीही नीट लावलं तरी ज्याला कुकीच मिळणार नाही असं गिऱ्हाईकही असतं. आमच्याकडे साड्यांच्या दुकानाची साइट आहे, जाहिरात इन्स्टाग्रामवर. लिंक दाबली की साइट इन्स्टाग्रामच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडते. त्याच्या कुकीज वेगळ्या, फोनमधल्या क्रोमच्या वेगळ्या. गिऱ्हाईक तिथून यूपीआयच्या ॲपमध्ये गेलं आणि परतीची लिंक क्रोममध्ये उघडली तर तिथे आपली कुकी कधी नव्हतीच.

आणि यूपीआयवाले पुष्कळदा परत येतच नाहीत. ॲपमध्ये हिरवी टिक दिसली, आवाज झाला, पैसे गेले, संपलं. फोन खिशात. किंवा कमी रॅमचा फोन असेल तर मधल्या वेळात सिस्टीमने ब्राउझरची टॅब मारलेली असते. तुमचं परतीचं पान उघडलंच नाही तर त्यातला कोड कितीही शहाणा असो.

म्हणून पैसे आले की नाही हे गेटवेच्या सर्व्हरने तुमच्या सर्व्हरला थेट कळवलं पाहिजे, वेबहूकने. गिऱ्हाइकाचा ब्राउझर मध्ये नाही, कुकी नाही, सेशन नाही. परतीचं पान फक्त दाखवण्यापुरतं. मात्र एक काळजी घ्या: वेबहूक आणि परतीचं पान दोन्ही येतात, कोण आधी येईल सांगता येत नाही, आणि वेबहूक दोनदाही येतो. नोंद करताना 'स्थिती अजून पैसे यायचे आहेत अशी असेल तरच बदल' असं एकाच अपडेटमध्ये लिहा आणि एखादी ओळ खरंच बदलली तरच एसएमएस पाठवा. नाहीतर एका पेटीचे दोन एसएमएस जातात आणि बागेतून दोन पेट्या निघतात.

'धन्यवाद' पानालाही लॉगिनची अट नको. ऑर्डरबरोबर एक लांब, अंदाज न येणारं टोकन ठेवा आणि पत्त्यात तेच द्या. पानावर ऑर्डर क्रमांक आणि स्थिती एवढंच दाखवा, घरचा पत्ता किंवा फोन नंबर नको.


पायरी_पेटी

ताई, सिंहगडरोड, घाटावरचा, सगळ्यांचे आभार. पाच मिनिटं बसून बघितलं. आलंच! लॉगिनचं पान, माझ्याच लॅपटॉपवर. गाळलेल्या कुकीजमध्ये पीएचपीसेसआयडी पिवळी, आणि बाजूला सेमसाइटचं कारण. मामांना फोन करून सांगितलं की सापडलं. ते म्हणाले, "मग आता पैसे परत करायचे की पेट्या पाठवायच्या?" त्यांना याद्या काढून दिल्या आहेत, जुन्या सेशन फायलींमधून पत्ते मिळाले.

परतीचं पान वेगळं केलं, हेडर काढलं, ३०३ लावलं. ऑर्डर आता आधीच टेबलात पडते. लॅक्स लिहिलं. क्रोममध्ये कितीही वेळ थांबून परत आलो तरी सेशन टिकतंय.

दोन गोष्टी अडल्यात. वेबहूकची फाइल केली, तिलाही हेडर नाही, पण गेटवेच्या डॅशबोर्डवर ४०३ (परवानगी नाही) दिसतंय. ब्राउझरमधून तोच पत्ता उघडला तर पान येतं. आणि दुसरं: वेबहूक उशिरा आला तर म्हणून 'धन्यवाद' पान 'पैसे आले का' असं मागून विचारत राहतं. उत्तर देणारी स्क्रिप्ट तीस सेकंदांपर्यंत थांबून टेबल बघत राहते. ती चालू असताना गिऱ्हाइकाने दुसरं कुठलंही पान उघडलं तर ते गोल फिरत राहतं. सर्व्हरवर लोड काहीच नाही.


हळदबाजार

दुसऱ्यापासून सांगते, ते सोपं आहे. पीएचपी सेशनची फाइल सेशन_स्टार्टला कुलूप लावून घेतं आणि स्क्रिप्ट संपेपर्यंत सोडत नाही. तुझी स्क्रिप्ट तीस सेकंद फाइल धरून बसली आहे आणि त्याच गिऱ्हाइकाची बाकीची पानं दाराशी उभी आहेत. दुसऱ्या गिऱ्हाइकाची फाइल वेगळी, म्हणून लोड दिसत नाही. सेशनमधून हवं ते वाचून झालं की लगेच सेशन_राइट_क्लोज कर. नुसतं वाचायचंच असेल तर सेशन सुरू करतानाच वाचून बंद करायचा पर्याय पीएचपी ७ पासून आहे. पण तुझ्या बाबतीत त्या स्क्रिप्टला सेशन हवंच कशाला? सिंहगडरोडने सांगितलेलं टोकन दे, त्यावरून टेबल बघ. आणि तीस सेकंद थांबायचं काम सर्व्हरला लावू नकोस. दर तीन सेकंदांनी ब्राउझरने विचारावं, सर्व्हरने लगेच 'हो' किंवा 'अजून नाही' म्हणावं. शेअर्ड होस्टिंगवर एका वेळी चालणाऱ्या पीएचपी प्रोसेस मोजक्या असतात. त्यातल्या चार अशा झोपल्या तर साइटच झोपेल.

४०३. तुझ्या कोडने तो दिलेला नाही असं गृहीत धरते. मग बहुधा होस्टिंगची मॉडसिक्युरिटी, संशयास्पद विनंत्या अडवणारी. ब्राउझर नसलेल्या कोणीतरी जेसनचं (माहिती मजकुरात बांधायच्या एका पद्धतीचं) गाठोडं पोस्ट केलं की तिचे काही नियम बिथरतात. तू ब्राउझरमधून उघडलंस ती साधी गेट, म्हणून चाललं. एरर लॉग बघ, नियमाचा क्रमांक तिथे असतो. तो होस्टिंगवाल्यांना कळव आणि त्या एका पत्त्यापुरता नियम शिथिल करायला सांग. सगळी मॉडसिक्युरिटी बंद करून देतो म्हणाले तर नको म्हण.

तो अडथळा गेला की पुढे सही जुळत नाही म्हणून परत येशील, म्हणून आत्ताच सांगते. वेबहूकची सही बहुतेक ठिकाणी आलेल्या कच्च्या मजकुरावर असते. मजकूर पीएचपी इनपुटमधून जसा आला तसा घे, त्यावरच सही तपास, आणि मगच तो जेसन म्हणून उघड. आधी उघडून पुन्हा जेसन केलास तर एखादी मोकळी जागा किंवा तिरकी रेघ बदलते आणि हॅश वेगळा येतो. नोंद झाली की लगेच २०० दे, एसएमएस नंतर. उत्तराला उशीर झाला तर गेटवे समजतो की पोहोचलं नाही, आणि पुन्हा पाठवतो.

लॉगिन झाल्यावर सेशनचा आयडी बदलतोस ना? सेशन_रीजनरेट_आयडी, आणि जुनी फाइल काढून टाकायची असं सांगून. नसशील तर तेवढी एक ओळ आज घाल.

७.४ ला सुरक्षा दुरुस्त्या मिळणं नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबलं आहे. होस्टिंगच्या पॅनेलमधून आवृत्ती बदलता येते, पण आंबा संपेपर्यंत तिला हात लावू नकोस. जूनमध्ये बदल, आणि त्याआधी सगळी साइट वेगळ्या फोल्डरमध्ये नव्या आवृत्तीवर चालवून बघ.